निळ्यात फक्त किटली

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. लिफ्टमध्ये माणूस अडकला, ही गोष्ट कुणीही कान देऊन ऐकेल. पण सर्व्हरचा प्लग चुकीच्या जागी लावला, ही गोष्ट कोण वाचणार? लिहायला घेतलं, पुसलं. परत घेतलं, परत पुसलं. मग लक्षात आलं की या दोन्ही एकच गोष्ट आहेत. म्हणून आता लिहूनच टाकतो.

तर एक आत्या होती. म्हणजे अजून आहे, चांगली ठणठणीत आहे. तिची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी. कंपनी म्हणजे एक लांबट वर्कशॉप, पुढे काचेचं ऑफिस, मागे जिना आणि जिन्याखाली एक अंधारी खोली. हाताखाली मोजकेच लोक. पण गावभर पसरलेल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट तिच्याकडे.

प्रत्येक लिफ्टमध्ये एक पिवळं बटण असतं, त्यावर घंटेचं चित्र. लिफ्ट अडकली की ते दाबायचं. दाबलं की आत्याच्या ऑफिसात घंटा वाजते, इकडचा माणूस उचलतो, "घाबरू नका, आलोच," म्हणतो, आणि कुणीतरी मेकॅनिक खरोखर पळतो. सगळ्या इमारतींच्या घंटा एकाच सर्व्हरमधून जायच्या. सर्व्हर बंद, तर सगळ्या घंटा मुक्या.

आणि तो सर्व्हर कुठे? जिन्याखालच्या खोलीत.

त्याची देखभाल आत्याचा भाचा करायचा. सगळे त्याला 'वायर' म्हणायचे. एक तर तो तसाच लांब आणि बारीक, आणि दुसरं म्हणजे खिशात हात घातला की वायरच निघायची. कुठल्याच कॉलेजात न जाता हे सगळं तो व्हिडिओ बघून आणि वस्तू बिघडवून शिकला होता. अशा माणसाची एक खोड असते. समोरचा काही बोलला आणि कळलं नाही, तर विचारायचं नाही. मान हलवायची, आणि घरी जाऊन शोधायचं. वायरचं आजवर त्यावरच निभावलं होतं.

जिन्याखालची खोली मात्र दिवसेंदिवस डोक्याला ताप होत चालली होती. शेजारीच ग्राइंडर, त्यामुळे लोखंडाची धूळ सर्व्हरच्या पंख्यात. वर न्हाणीघर, त्यामुळे भिंतीला ओल. एकदा वरचा पाइप फुटला आणि पाण्याची धार सर्व्हरपासून हातभर लांब पडली. वायर रात्रभर बादली धरून बसला आणि सकाळी आत्याला म्हणाला, "आता बास. हा इथून हलवायचा."

"कुठे?"

"डेटा सेंटरमध्ये. मोठी बिल्डिंग असते, आपल्यासारख्यांचे सर्व्हर ठेवायलाच बांधलेली. गार हवा, चोवीस तास पहारा, वीज कधी जात नाही. त्यातलं अर्धं कपाट आपण भाड्याने घ्यायचं. सर्व्हर आपलाच, फक्त जागा त्यांची."

"आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवायची, वर भाडंही आपणच द्यायचं?"

"आत्या, तू बँकेत लॉकर घेतलायस ना?"

"त्यातल्या बांगड्यांवर माणसांचा जीव टांगलेला नाही." आत्याने चष्मा कपाळावर चढवला. हे तिचं भांडायला बसल्याचं लक्षण. "उद्या घंटा वाजली नाही तर? मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू?"

"वाजेल. माझ्यावर सोड."

भांडण बरेच दिवस चाललं. शेवटी ओलीचा डाग सर्व्हरच्या अगदी डोक्यावर सरकला तेव्हा आत्या नमली. पण नमतानाही ऐकवलंच. "तुझ्या शब्दावर पाठवतेय. एकदा जरी घंटा मुकी झाली, तर त्याच दिवशी टेम्पो घेऊन जाईन आणि उचलून घरी आणेन. मग बस परत बादली धरून."

इथे एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही.

वर्कशॉपच्या भिंतीवर दोन रंगांचे सॉकेट होते. लाल स्टिकरवाल्यांमागे मोठी बॅटरी. वीज गेली तरी ते चालू. निळ्या स्टिकरवाल्यांत सरळ रस्त्यावरून आलेली वीज, आली तर आली. कधी काळी कुणीतरी चहाची विजेची किटली बॅटरीच्या सॉकेटला लावली होती आणि सगळं धाडकन बसलं होतं. तेव्हा आत्याने स्वतः स्टुलावर चढून ते स्टिकर चिकटवले आणि फर्मान काढलं: जे जगायला हवं ते लालमध्ये, निळ्यात फक्त किटली. नवीन माणूस कामावर आला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्याला हे ऐकवलं जायचं. वायर तर शाळेत होता तेव्हापासून ऐकत होता. त्याच्या अंगातच भिनलं होतं ते.

सर्व्हर हलवायच्या दिवशी त्याने तो जुन्या गोधडीत गुंडाळला आणि टॅक्सीत मांडीवर घेऊन गेला. डेटा सेंटर बाहेरून एखाद्या गोदामासारखं होतं, खिडकीच नाही. आत शिरताना अंगठा लावा, मग काचेच्या छोट्या खोलीत एकट्याने उभे राहा, मागचं दार बंद झालं की पुढचं उघडणार. आत पंख्यांचा असा आवाज की बोलताना ओरडावं लागायचं. गारवा असा की वायरचे दात वाजले. कपाटांच्या लांबच लांब रांगा, प्रत्येकाला जाळीचं दार, प्रत्येकाला कुलूप.

तिथल्या टेक्निशियनने त्याला कपाटाची किल्ली दिली. जाड चष्म्याचा, भला माणूस. कपाटात मागच्या बाजूला दोन उभ्या पट्ट्या होत्या, प्लग लावायच्या. डावीकडची लाल, उजवीकडची निळी.

"दोन्हीकडे वीज आहे," तो ओरडून म्हणाला. "लाल आणि निळी. नेहमीसारखं लावून घ्या."

वायरने मान हलवली.

चष्मेवाला दुसऱ्या रांगेत गेला. वायरने सर्व्हर बसवला. सर्व्हरला मागून दोन वायरी होत्या. एक गेली तरी दुसरीवर चालावा म्हणून. त्याने लाल पट्टीकडे पाहिलं, निळीकडे पाहिलं. आणि दोन्ही वायरी लालमध्ये लावल्या. निळीकडे बघून मनातल्या मनात हसलासुद्धा. एवढ्या मोठ्या बिल्डिंगमध्येही किटलीची सोय ठेवलीय लेकांनी!

खरं असं होतं की लाल म्हणजे एका बाजूची वीज आणि निळी म्हणजे दुसऱ्या बाजूची. दोन्ही सारख्याच भरवशाच्या. एक वायर इकडे आणि एक तिकडे लावायची, म्हणजे एक बाजू कधी बंद पडली तरी सर्व्हरला पत्ताही लागत नाही. त्यासाठीच तर लोक तिथे जागा घेतात. हे घरी जाऊन शोधलं असतं तर लगेच सापडलं असतं. पण शोधतो कशासाठी माणूस? न कळल्यासाठी. वायरला तर वाटत होतं की कळलंय.

घंटा वाजू लागल्या. अगदी झकास. आत्या रोज तोंड वाकडं करून बसायची आणि रोज काहीच बिघडायचं नाही.

आता पाना. पाना म्हणजे आत्याचा सगळ्यात जुना मेकॅनिक आणि वायरचा जिवलग दोस्त. जेवतानासुद्धा खिशात पाना असायचा म्हणून ते नाव. त्याची एक पद्धत होती. सकाळी दिवसाच्या पहिल्या लिफ्टमध्ये पाय ठेवला की तो पिवळं बटण दाबायचा. ऑफिसात घंटा वाजायची. वायर उचलायचा आणि म्हणायचा, "बोला, कोण मेलं?" पाना म्हणायचा, "तुझी अक्कल. चल, ठेव." झालं. घंटा चालू आहे हे दोघांनाही कळलं, दिवस सुरू.

सर्व्हर हलवल्यावर वायरने एक स्क्रीन बनवली. त्यावर प्रत्येक इमारतीपुढे हिरवा ठिपका. काही बिघडलं की ठिपका लाल होणार आणि वायरच्या फोनवर मेसेज येणार. स्वतःच्या हाताने बनवलेली गोष्ट. दिवसभर तिच्याकडे बघत बसायचा. आणि मग एक दिवस तो पान्याला म्हणाला, "आता सकाळची घंटा बंद कर. उगाच रेकॉर्डमध्ये खोटे कॉल भरतात. तिकडे सगळं दुप्पट आहे."

"दुप्पट म्हणजे?"

"म्हणजे एक मेलं तर दुसरं जिवंत."

"आणि दोन्ही मेले तर?"

"तू ना, आत्याचाच मुलगा शोभतोस."

पान्याने खांदे उडवले. पण दुसऱ्या दिवशी सवयीने बोट बटणाकडे गेलं आणि त्याने ते मागे घेतलं, असं त्यानेच नंतर सांगितलं. "सकाळी कुणाला शिव्या घातल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही रे," असंही म्हणाला.

मग डेटा सेंटरचा मेसेज आला. येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी लाल बाजूच्या विजेची दुरुस्ती आहे, काही तास ती बाजू बंद राहील. ज्यांची जोडणी दुहेरी आहे त्यांना काहीच फरक पडणार नाही. वायरने उभ्याउभ्या वाचला. आपली दुहेरीच आहे, दोन वायरी आहेत. त्याने फोन खिशात टाकला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ऑफिसात फक्त आत्या आणि वायर. पाना ड्युटीवर, म्हणजे बोलावलं तर जाणारा, आणि बोलावलं नाही तर किरकोळ कामं उरकणारा. वायर खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. स्क्रीनवर सगळे ठिपके हिरवेगार.

आत्या हिशेबाच्या टेबलावरून उठली. पाणी प्यायली. परत बसली. परत उठली.

"काय गं?"

"आज एकही घंटा नाही."

"चांगलंय की."

"सुट्टीच्या दिवशी पोरं दिवसभर लिफ्टमध्ये खेळतात. एक तरी कार्टं बटण दाबतंच. आज एकही नाही." तिने चष्मा कपाळावर चढवला. "घरात रोज खोकणारा माणूस असावा आणि एकदम खोकायचा थांबावा ना, तसं वाटतंय मला."

"सगळं हिरवं आहे, हे बघ."

"मला तुझं हिरवं कळत नाही. पान्याला फोन लाव."

पान्याचा फोन लागेना. लिफ्टच्या शाफ्टमध्ये तो कधीच लागत नाही, त्यामुळे वायरला त्यात विशेष वाटलं नाही. पण आत्याचं समाधान करावं म्हणून त्याने स्क्रीन ताजी करायचं बटण दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं. फिरत राहिलं. मग एक ओळ आली: सर्व्हर सापडत नाही.

ठिपके सकाळचेच होते. सर्व्हर मेल्यावर ते बदलणार तरी कसे? ठिपके दाखवणारी गोष्टही त्याच सर्व्हरवर होती. मेसेज पाठवणारीही. घर जळतंय हे सांगणारा माणूस त्याच घरात झोपवून आला होता तो.

त्याने डेटा सेंटरला फोन लावला. चष्मेवाल्यानेच उचलला.

"आमचा सर्व्हर बंद पडलाय."

"बंद? तुमच्या रांगेत लाल बाजू बंद आहे, पण निळी चालू आहे. निळीत एक वायर असेलच की तुमची."

वायरने डोळ्यांपुढे ते कपाट आणलं: दोन्ही प्लग डावीकडे.

"हॅलो?"

"दोन्ही लालमध्ये आहेत."

"दोन्ही? का हो?"

आता याला काय सांगायचं? किटलीबद्दल? "तुम्ही जाऊन एक काढा आणि निळीत लावा," तो म्हणाला. "आत्ता. पळत जा. प्लीज."

"लगेच जातो. फोन धरून ठेवा."

फोनमधून आधी पावलं ऐकू आली, मग पंख्यांचा आवाज, मग जाळीचं दार. आत्या शेजारी येऊन उभी राहिली होती. "लावली," चष्मेवाला ओरडला. "दिवा लागला. उठतोय."

सर्व्हर उठायला वेळ घेतो. घेतोच. वायरने टेबलाची कड धरली होती.

आणि मग घंटा वाजली. लिफ्टमधलं यंत्र एकदा कॉल लागला नाही की परत परत लावत राहतं. तो अडकून राहिलेला कॉल आता आत आला होता. वायरने झडप घालून उचलला.

"बोला!"

पलीकडे आधी नुसता श्वास. मग ओळखीचा आवाज, एकदम कोरडा. "कोण मेलं ते विचार ना आता."

"पाना? तू आहेस? कुठे आहेस?"

"मधल्या मजल्यांच्या मधोमध. नदीकाठची जुनी इमारत. माझी पिशवी वर मशीनच्या खोलीत आणि मी इथे. माझ्याबरोबर एक आजोबा आहेत, त्यांना दम लागलाय. गप्पा नको मारू. ये."

वायर स्कूटरवर कसा बसला, कसा पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. जिने चढून मशीनच्या खोलीत गेला, पान्याने शिकवलं होतं तसं ब्रेक सोडून हाताने चाक फिरवलं आणि लिफ्ट इंचाइंचाने मजल्याशी आणली. खाली पळत आला. दार उघडलं.

पाना भिंतीला टेकून खाली बसला होता. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून एक म्हातारा गृहस्थ झोपला होता, शर्टाची बटणं उघडी. पाना वर्तमानपत्राची घडी करून वारा घालत होता. बाजूला भाजीची पिशवी कलंडलेली, टोमॅटो कोपऱ्यात.

आजोबांना उठवून बाहेर खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि नाडी बघून म्हणाल्या, घाबरल्यामुळे झालंय, ठीक आहेत. मग आजोबांच्या तोंडून शब्द फुटला. त्यांनी वायरकडे बोट केलं आणि पान्याला विचारलं, "हाच का तो?"

"हाच."

"हा सारखा मला सांगत होता," आजोबा वायरला म्हणाले, "बटण दाबलंय आजोबा, आता फक्त बसायचं. तिकडे माझा दोस्त आहे, घंटा वाजली की उठतोच. परत दाबायचा, परत तेच सांगायचा. नंतर नंतर सांगायचं बंद केलं त्याने. नुसता वारा घालत बसला."

वायर टोमॅटो गोळा करत होता. त्याने मान वर केली नाही.

तो वर्कशॉपला परतला तेव्हा दारात टेम्पो उभा होता. आत्याने खरंच बोलावला होता. जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं, आतले डबे बाहेर काढलेले, आणि आत्या ओल पुसत होती.

"आजोबा ठीक आहेत," वायर म्हणाला.

"कळलं. पान्याने फोन केला." तिने फडकं पिळलं. "बस टेम्पोत. त्या लोकांना तिथेच चार गोष्टी सुनावते आणि माझा सर्व्हर घेऊन येते. वीज कधी जात नाही म्हणे!"

"आत्या, वीज गेली नव्हती."

"म्हणजे?"

"एक बाजू बंद होती, सांगून बंद केली होती त्यांनी. दुसरी चालू होती. दोन्ही वायरी मी एकाच बाजूला लावल्या होत्या. लाल बाजूला."

"का?"

चष्मेवाल्यानेही हेच विचारलं होतं. या वेळी उत्तर देता येत होतं. वायरने हात करून भिंतीकडे दाखवलं. लाल स्टिकर. त्याच्या पलीकडे निळं स्टिकर, कडा उचकटलेलं, आणि त्यात लावलेली किटली.

"तिकडेही लाल आणि निळी होती. मला वाटलं, निळ्यात..."

आत्या भिंतीकडे बघत राहिली. मग फडकं हातात तसंच ठेवून स्टुलावर बसली. तेच स्टूल.

"म्हणजे माझी किटली तिथपर्यंत पोचली," ती म्हणाली.

टेम्पोवाल्याने बाहेरून हॉर्न दिला.

"मी विचारायला हवं होतं," वायर म्हणाला. "मी नुसती मान हलवली."

"हं. मान तू लहानपणापासून हलवतोस. शाळेतही तेच." आत्याने चष्मा खाली घेऊन नाकावर ठेवला. भांडण संपल्याचं लक्षण, पण वायरला अजून खात्री नव्हती. "आता मला एकच सांग. मान न हलवता सांग. इथे या ओलीखाली तो जास्त सुरक्षित आहे की तिथे?"

"तिथे. आता एक वायर लालमध्ये आहे आणि एक निळीत."

"तू पाहिलंयस?"

"नाही. फोनवर सांगितलं त्याने."

"मग टेम्पो उभाच राहू दे. जा त्यातून आणि डोळ्यांनी बघून ये. लाल वायर काढ, बघ चालतो का. ती लाव, निळी काढ, बघ. मग मला फोन कर. चालला तर राहू दे तिथे. नाही चालला तर गोधडी घेऊन जाच बरोबर."

वायरने गोधडी घेतली. दारातच त्याला पाना भेटला, आत्ताच आलेला, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला.

"चिडलायस?" वायरने विचारलं.

"तुझ्यावर? नाही. माझ्या बोटावर." पान्याने तर्जनी वर केली. "सकाळी लिफ्टमध्ये शिरताना बटणापर्यंत गेलं होतं हे. तेव्हा दाबलं असतं तर दार लागायच्या आधीच कळलं असतं. तू नको म्हणालास म्हणून मागे घेतलं."

"उद्यापासून दाब."

"दाबेनच. तू नको म्हणालास तरी दाबेन." त्याने गोधडीकडे पाहिलं. "हे काय, पिकनिकला?"

"प्लग काढून बघायला चाललोय. लाल काढतो तेव्हा एखाद्या लिफ्टमध्ये उभा राहशील? बटण दाबायला. दार उघडं ठेव हवं तर."

"दार उघडंच ठेवणार, वेडा आहे का मी." पाना हसला, पण पुरतं नाही. "आणि समज, परत असं झालं. मी दाबतोय आणि तिकडे काहीच नाही. आजोबांना मी काय सांगू? दोस्त आहे म्हणून सांगू की नको?"

टेम्पोवाल्याने परत हॉर्न दिला. वायरने गोधडी काखेत मारली. या वेळी त्याने मान हलवली नाही.

"सांग," तो म्हणाला. "रोज सकाळी तुझ्या घंटेची मी वाट बघणार. वाजली तर उचलेन. आणि नाही वाजली, तर स्क्रीनकडे बघणार नाही, फोन लावत बसणार नाही. नाही वाजली, तर मी निघालोय असं समज."